घरात कोणाकोणाला झाला होता

रुग्णालयाचं पत्र तसं साधंच होतं, फक्त दोन वाक्यं झोंबणारी होती. ‘तू कळवलेल्या चार नातेवाइकांपैकी एकीच्याच कॅन्सरची नोंद सापडली. लोकांनी स्वतः सांगितलेली घरच्या आजारांची माहिती बऱ्याचदा अचूक नसते, त्यामुळे एवढ्या आधारावर जनुकाची चाचणी करता येणार नाही.’ ओडलॉगने ते दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण समोर तिची लेक टोन्ये बसली होती.

“म्हणजे आपण खोटं सांगितलं?” टोन्येने विचारलं.

“खोटं नाही म्हणत ते, ‘अचूक नाही’ म्हणतात. शिकलेला माणूस तोंडावर थुंकतो ते असंच, रुमाल लावून.”

ही गोष्ट २००८ च्या ऑक्टोबरातली. ओडलॉग तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती आणि बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात कॉडचे काप काढण्यात तिची बेचाळीस वर्षं गेली होती. सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण कँटीनमध्ये, थंड कॉफीच्या कपाशेजारी कामगार कायद्याचं पुस्तक उघडून, बोटाने ओळी धरून झालं. साहेब मंडळींनी एकदा बायकांची मनगटं दुखतात हे थोतांड आहे असं ठरवलं होतं. बायका स्वतःच सांगतात, त्याला पुरावा काय, असं त्यांचं म्हणणं. ओडलॉगने अख्खा हिवाळा वही घेऊन कोणाचं मनगट कोणत्या दिवशी किती सुजलं ते लिहिलं, आणि वसंतात ती वही तपासनीसाच्या टेबलावर आपटली. कापायचे ओटे वीतभर खाली आले. तेव्हापासून ती युनियनची प्रतिनिधी, आणि तेव्हापासून तिच्यासमोर ‘बायका सांगतात’ हे शब्द कोणी जपूनच काढायचं.

पण हे भांडण ओट्याच्या उंचीचं नव्हतं. तिची धाकटी बहीण हेर्डिस सात वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती. त्याआधी आत्या, त्याआधी आजी. स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सर करणारा काही बिघाड रक्तातच उतरत आलाय का, हे आता एका चाचणीत कळत होतं, आणि असलाच तर वेळेवर अंडाशय काढून माणूस वाचत होतं. टोन्ये तेहतीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची, तिला चार वर्षांची मुलगी. चाचणी आधी ओडलॉगची व्हायची, तिच्यात बिघाड सापडला तर मग टोन्येची. पण रुग्णालयाचा नियम असा की एकाच बाजूच्या तीन नातेवाइकांचा कॅन्सर कागदावर सिद्ध झाला पाहिजे. त्यांनी फॉर्म पाठवला: घरात कोणाकोणाला झाला होता, कोणत्या जागी, कितव्या वर्षी. ओडलॉगने चार नावं लिहिली. बहीण हेर्डिस. बोरगिल्ड आणि मॅग्नहिल्ड या दोन आत्या. आणि आजी ओलिने.

पत्राबरोबर एक पुरवणी होती. हेर्डिसपुढे ‘सिद्ध’. आजीपुढे ‘कॅन्सरची नोंदणी सुरू होण्याआधीचा मृत्यू’. मॅग्नहिल्डपुढे ‘नोंद नाही’. आणि बोरगिल्डपुढे लिहिलं होतं: ‘मृत्यू एक्याण्णवाव्या वर्षी, हृदयविकार. कॅन्सर नव्हता.’

तिथे ओडलॉगचं डोकं फिरलं. तिने फोन उचलला.

एस्किल नावाचा डॉक्टर होता, पस्तिशीचा, आवाज मऊ. आमच्याकडे डॉक्टर असो की मंत्री, सगळे एकेरीतलेच, त्यामुळे तिला सुरुवात करायला वेळ लागला नाही.

“एस्किल, माझी आत्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. मी दहा वर्षांची होते. छातीचं भोक कपड्याने झाकून ती बटाटे सोलत बसायची आणि मी वास येतो म्हणून लांब बसायचे. त्या आत्याला तू एक्याण्णव वर्षांची केलीस. तिची सत्तेचाळीस वर्षं तू दिलीस कुठून?”

“मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीये,” तो म्हणाला. “पण असं होतं. लोक दुःखात असतात, लहानपणचं आठवत असतं, एक आजार दुसऱ्याच्या नावावर जातो. अभ्यासात दिसलंय.”

“अभ्यास कोणाचा? माझ्या आत्याचा?”

“बोरगिल्ड नेसेट याच नावाची नोंद सापडली. नेसेट वाडी, हाच परगणा. तू हेच नाव लिहिलं होतंस.”

“लिहिलं, कारण तेच तिचं नाव. नेसेटची बोरगिल्ड. बेटावर कोणालाही विचार.”

“बेटावरचे लोक आमच्या यंत्रात नाहीत गं,” एस्किल म्हणाला, आणि हे जरा अती झालं हे त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण तो पुढे लगेच म्हणाला, “जन्मतारीख मिळाली तर मी पुन्हा शोधतो. खरंच शोधतो.”

वाचनालय बुधवारी उघडं असायचं. तिथे परगण्याचं पुस्तक होतं, पाच जाड खंड, एकेक वाडी घेऊन तिथे कोण जन्मलं, कोण मेलं, कोण कोणाला दिली ते लिहिलेलं. घराघरात ते बायबलशेजारी असतं. ओडलॉगच्या घरात नव्हतं. मालकांच्या गाईंना त्यात अर्धं पान आणि मोलकरणींना अर्धी ओळ, म्हणून तिने ते कधी घेतलं नाही आणि घेणार नाही असं चारचौघांत सांगितलंही होतं. आता ती तेच पुस्तक मांडीवर घेऊन बसली आणि ग्रंथपाल बाईने चष्म्यावरून बघितलं तेव्हा म्हणाली, “वाचतेय. विकत नाही घेत.”

नेसेटच्या पानावर बोरगिल्ड होती, पण ती मालकीणबाई. जन्म १८९९, एक्याण्णव वर्षं जगली, सात मुलं. आत्याचं नावच नाही. ओडलॉगने पानं मागेपुढे केली. मग तिला वडिलांचं एक वाक्य आठवलं, की आम्ही पूर्वी स्टुरविकच्या वाडीत होतो, तू म्हणतेस तसे मुळापासून हामरान वाडीचे नव्हतो.

स्टुरविकच्या पानावर अर्धी ओळ सापडली: ‘बोरगिल्ड, जन्म ३ मार्च १९१७, नंतर नेसेट येथे कामाला.’

मग तिच्या लक्षात सगळं आलं. आमच्याकडे माणूस ज्या वाडीत राहील त्या वाडीचं नाव त्याला लागायचं. वाडी बदलली की नाव बदललं. सरकारने कायम आडनाव घ्या म्हटलं तेव्हा आजोबा स्टुरविकहून हामरानला यायच्या बेतात होते. थोरली बोरगिल्ड आधीच मोलकरीण म्हणून बाहेर पडलेली, तिचं आडनाव स्टुरविक राहिलं. पाठची भावंडं, म्हणजे ओडलॉगचे वडील एडविन, मॅग्नहिल्ड आणि आर्नफिन, हामरान झाली. आणि बोरगिल्ड नेसेटला जन्मभर राबली, म्हणून बेटाने तिला मालकिणीचं नाव चिकटवलं आणि पुढे तेच राहिलं. भावंडं सख्खी, कागदावर एकमेकांची कोणी नाहीत. हे बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणूनच कोणी सांगत नाही.

दोन दिवसांनी एस्किलचा फोन आला. त्याचा आवाज आधीपेक्षा खाली उतरलेला होता.

“बोरगिल्ड स्टुरविक, १९१७. सापडली. स्तनाचा कॅन्सर, मृत्यू १९६१, वय चव्वेचाळीस. तुझं अगदी बरोबर होतं.”

“माझं बरोबर होतं हे मला माहीत होतं. तुला कळलं ते चांगलं झालं.”

“दोन झाल्या,” तो म्हणाला. “मॅग्नहिल्ड हामरान मात्र कुठेच नाही. १९५६ च्या दाखल्यावर नुसतं ‘हृदय बंद पडलं’ एवढंच आहे. पण त्या काळात नोंदी राहून जायच्या. तिचं सख्खं भावंड हयात असेल आणि तिला कॅन्सर होता असं त्याने सहीनिशी लिहून दिलं, तर मी समितीला ते मान्य करायला लावतो.”

“आहे हयात.”

“मग सही आण. तीन होतील.”

आर्नफिनकाका त्र्याऐंशी वर्षांचा होता आणि हामरानला एकटा राहायचा. बेटावर त्याची ओळख म्हणजे विंच. १९७९ च्या हिवाळ्यात जाळं ओढायच्या विंचमध्ये त्याचा शर्ट सापडला, डावी छाती सोलून निघाली आणि तरी त्याने बोट बंदराला लावली, ही गोष्ट आमच्या प्रत्येक पोराला बोटीवर पाय ठेवायच्या आधी सांगितली जायची. यंत्रापाशी सैल कपडे घालू नका, आर्नफिनचं काय झालं आठवा. तो शर्ट काढून कधी उन्हात बसला नाही, पोहला नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

ओडलॉग गेली तेव्हा तो खिडकीशी दोर विणत होता. कॉफी झाली. तिने कागद पुढे केला. मजकूर टोन्येने स्वच्छ अक्षरात लिहिला होता: माझी बहीण मॅग्नहिल्ड हामरान हिला स्तनाचा कॅन्सर होता व त्यातच ती वारली.

आर्नफिनने कागद लांब धरून वाचला. खिशातून पेन काढलं. मग पेन तसंच धरून ठेवलं.

“सही करतो,” तो म्हणाला. “पण हे खोटं आहे, तेवढं तुला माहीत असू दे.”

“काय खोटं?”

“मॅग्नहिल्डला कॅन्सर नव्हता. ती धक्क्यावरून पाण्यात गेली. आपण होऊन. मीच बाहेर काढली. खिशात दगड होते, ते मी काढून टाकले, कोणी यायच्या आत.”

ओडलॉगने कॉफीचा कप बाजूला सारला.

“पाद्री असल्या बाईवर भजन म्हणू देत नव्हता,” आर्नफिन म्हणाला. “आमच्या बापाने सांगितलं, कॅन्सर म्हणायचं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने हृदय लिहिलं. कॅन्सर म्हटल्यावर अख्खी वाडी आली. साईची लापशी घेऊन बायका आल्या. पाण्यात गेली म्हटलं असतं तर कुत्रं आलं नसतं.”

“बावन्न वर्षं,” ओडलॉग म्हणाली.

“हो. आता ते खरंच झालंय. तुझ्या बापानेही तुला तेच सांगितलं. दे, कुठे करायची सही?”

“थांब.”

“का? तुझ्या पोरीची चाचणी होईल. मेलेल्या बाईला काय फरक पडतो?”

हेच तर तिच्याही डोक्यात चाललं होतं. एक सही. एस्किलला कळणार नाही, समितीला कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात आपलं रक्त तपासलं जाईल, मग टोन्येचं. नियम त्यांनीच केलाय, तीन पाहिजेत, मग घ्या तीन. आयुष्यभर साहेबांच्या नियमांशी ती याहून वाईट खेळली होती. पण त्या पत्रात लिहिलं होतं की लोकांनी सांगितलेलं अचूक नसतं, आणि तिने फोनवर त्या पोराला फाडून खाल्लं होतं. आता ही सही घेतली तर तो बरोबर ठरतो. त्याला कधीच कळणार नाही, पण ठरतो. आणि कॅन्सर नसलेली बाई मध्ये घालून मोजलेला धोका टोन्येच्या पोटाबद्दल खरं किती सांगणार, हेही होतंच.

तिने त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि फाडला. दोनाचे चार केले आणि चुलीत टाकले.

“तू वेडी आहेस का?” आर्नफिन म्हणाला.

“असेन. तुमच्या पिढीने जे सांगितलं ते मी खरं म्हणून सरकारला लिहून दिलं. तोंडघशी मी पडले. तुम्ही मात्र लापशी खाल्ली.”

“बोल, बोल. तुझ्या बापासारखीच.”

“माझ्याकडे दोनच राहिल्या, काका. हेर्डिस आणि बोरगिल्ड. तिसरी नाही. टोन्येला मी काय सांगू? आजी फार लवकर मेली, आत्या नको तशी मेली, म्हणून तू आता नशिबावर बस?”

तिने कोट घातला. बूट घालताना नाडी सुटत नव्हती, बांधली जात नव्हती, आणि ती नाडीलाच शिव्या देत बसली. पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“ओडलॉग, इकडे बघ.”

आर्नफिन उभा होता. त्याने लोकरी शर्टाची बटणं एकेक करून काढली, आतला गंजी वर ओढला आणि हनुवटीखाली धरला. 

बेचाळीस वर्षं चाकू चालवणाऱ्या बाईला दोराची ओढ आणि चाकूचा काप यातला फरक सांगावा लागत नाही. विंचने फाडलेलं मांस कसं भरतं ते तिने चार माणसांच्या हातांवर पाहिलं होतं, वाकडंतिकडं, गुठळ्या धरलेलं. ही काखेपासून छातीच्या हाडापर्यंत एक सरळ, तिरकी रेघ होती. सावकाश आणि नीट कापलेली, टाके मोजून घालता येतील अशी. तिथे स्तनाग्र नव्हतं. खाली नुसत्या फासळ्या.

“विंच नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता.”

“काय होतं?”

“गाठ. डॉक्टर म्हणाला बायकांना होतो तोच, पुरुषांना क्वचित होतो. मी त्याला म्हटलं हे पुन्हा बोलू नकोस.” त्याने गंजी खाली सोडला. “तीन आठवडे शहरात होतो. परत येऊन काय सांगणार होतो बोटीवरच्यांना, की मला बाईचा रोग झाला? विंच म्हटलं. विंच सगळ्यांना पटला.”

“आणि फॉर्मवर विचारतात, घरात कोणाकोणाला झाला होता,” ओडलॉग म्हणाली. “मी बायकाच लिहिल्या. पुरुषांना विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही.”

“मलाही कोणी विचारलं नाही.”

“आता विचारते. तुझी सही लागेल. जिवंत माणसाचे कागद सहीशिवाय उघडत नाहीत.”

आर्नफिन बटणं लावत होता. एक चुकलं, त्याने सगळी काढून पुन्हा लावली. “सही केली की दवाखान्यातल्या त्या पोरीला कळणार. तिची आई दुकानात. परवापर्यंत सगळ्या बेटाला.”

“कळेल.”

“पोरं हसतील.”

“हसतील. तू बोट कशी आणलीस ते सांगून तीस वर्षं त्यांना घाबरवलंस, त्यांनाही हक्क आहे. हेर्डिस मेली तेव्हा तू तिच्या पलंगाशी बसला होतास, काका. तेव्हा तोंड उघडलं असतंस तर डॉक्टरांनी आपल्या घराकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं.”

हे तिने म्हणायला नको होतं असं तिला पुढे कधीकधी वाटलं, पण परत घेतलं नाही. आर्नफिनने टेबलावरचं पेन पुन्हा उचललं.

“कागद आण,” तो म्हणाला. “माझ्याबद्दलचा. त्यात स्तन लिही. छाती लिहू नकोस. लिहायचं तर नीट लिही.”

ओडलॉगने त्या संध्याकाळी एस्किलला पत्र लिहिलं. मॅग्नहिल्ड हामरान हे नाव माझ्या यादीतून काढ, तिला कॅन्सर नव्हता, ती पाण्यात गेली. यादीत आर्नफिन हामरान हे नाव घाल, जन्म १९२५, स्तनाचा कॅन्सर १९७९, सहीचा कागद सोबत. आणि फॉर्मवर एक रकाना वाढव: गावात कोणत्या नावाने ओळखायचे, आणि जन्म कोणत्या वाडीतला. तो रकाना नसताना आमची माहिती अचूक नाही असं लिहायचा तुम्हाला अधिकार नाही. आम्ही चुकलो तिथे मी स्वतः खोडलंय. तुम्ही चुकलात तिथे तुम्ही खोडा.

एस्किलचा फोन नाताळच्या आधी आला.

“सिद्ध झालं. तीन झाले. आणि पुरुषाचा स्तनाचा कॅन्सर एकटाच दोघांच्या वजनाचा असतो. जानेवारीत रक्त द्यायला ये.”

“येते.”

“त्या पहिल्या पत्राबद्दल मला वाईट वाटतं, ओडलॉग.”

“लिहून दे.”

“काय?”

“पत्र लिहून दिलं होतंस ना, मग वाईट वाटतं तेही लिहून दे. सहीनिशी. आणि आमच्या बेटावरच्या आणखी किती जणांना तसलं पत्र गेलंय ते काढ. कँटीनमध्ये विचारलं मी. माझ्याव्यतिरिक्त चार निघाल्या, सगळ्यांनी वाडीची नावं लिहिलीत.”

त्याने लिहून दिलं. चारही जणींचे कागद पुन्हा उघडले. त्यांतल्या दोघी बहिणींचं खरंच चुकलेलं होतं, आत्याच्या यकृतातली गाठ त्यांनी आतड्यातली लिहिली होती. ओडलॉगने त्यांनाही तितकंच तोंडावर सांगितलं. फॉर्मवर रकाना यायला तीन वर्षं आणि तिची अकरा पत्रं लागली.

ओडलॉगच्या रक्तात बिघाड निघाला. टोन्येच्याही. ओडलॉगचे अंडाशय मार्चमध्ये काढले आणि ती मे महिन्यात ओट्यापाशी परत उभी राहिली. टोन्येने वर्षभर विचार केला, कोणाला त्यात तोंड घालू दिलं नाही, आईलाही नाही, आणि मग काढून घेतले. आर्नफिन त्यानंतर पाच वर्षं जगला. धक्क्यावर कोणी विंचची गोष्ट सुरू केली की तो ओरडून म्हणायचा, विंच नव्हता, कॅन्सर होता, पण सैल शर्ट घालू नका हे खरंच आहे.

टोन्ये रुग्णालयातून आली त्या आठवड्यात दुकानात दूध घ्यायला गेली. शनिवार होता, रांग होती. गल्ल्यावरची गुडनी पुढे वाकली आणि आवाज खाली करून म्हणाली, “बरं आहे ना आता? पोटाचं?”

“पोटाला काही झालं नव्हतं,” टोन्ये म्हणाली, बालवाडीत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढून. “दोन्ही अंडाशय काढलेत, नळ्यांसकट. कॅन्सर नव्हता, होऊ नये म्हणून काढलेत. वडिलांकडून आलेलं नाही, आईकडून आलंय, आणि आईला तिच्या वडिलांकडून. कोणी विचारलं तर असंच सांग गुडनी, कमी नको, जास्त नको.”

 गुडनीने दूध पिशवीत घातलं.

संध्याकाळपर्यंत चौघीजणी ओडलॉगच्या दारात येऊन गेल्या, टोन्ये दुकानात काय म्हणाली ते सांगायला. ओडलॉगने प्रत्येकीचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, काही चुकतंय का ते पाहायला. चौघींनीही अंडाशयच म्हटलं, दोन्ही म्हटलं, आणि नळ्याही विसरल्या नाहीत.